वॉलमनच्या चिठ्ठ्या मोजायच्या कशा? सेप्सिसमधल्या सिम्पथेटिकची गोष्ट

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या एका मावशींनी रात्री अडीच वाजता विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आत त्यांचे मिस्टर होते, लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलेलं, व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधावर, बीपीला सपोर्ट चालू. पाच मिनिटं आत सोडलं होतं तेवढ्यात मावशींनी मॉनिटर नीट बघून घेतला होता. म्हणाल्या, "डॉक्टर, हे तर ढिम्म हलत नाहीत, मग छाती कुणासाठी एवढी पळतेय? १२८ दाखवतंय." मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, शरीर इन्फेक्शनशी लढतंय म्हणून. खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं.

छातीला पळवणारा जो कोणी आहे त्याचं नाव सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टीम. आयसीयूत आम्ही रोज त्याच्याच कामात हात घालत असतो, काही औषधं त्याची नक्कल करतात, काही त्याला दाबतात. पण तो आत्ता या क्षणी किती जोरात आहे हे सांगणारं एकही मशीन बेडपाशी नाही. बीपी बघतो, पल्स बघतो, लघवी तासातासाला मोजतो, लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं ॲसिड) तपासायला पाठवतो, हे मात्र मोजत नाही. का नाही, ते आज जरा निवांत लिहितो.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते. लोकांना वाटतं सेप्सिस म्हणजे खूप मोठं इन्फेक्शन. तसं नाही. २०१६ साली जी व्याख्या ठरली तिचा अर्थ असा, की इन्फेक्शनला शरीर जे उत्तर देतं ते इतकं भरकटतं की त्यात स्वतःचेच अवयव बंद पडायला लागतात आणि जीवावर बेततं. २०१७ या एका वर्षात जगभरात साधारण ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख त्यात गेले असा अंदाज आहे, म्हणजे हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. त्यातली आणखी वाईट पायरी म्हणजे सेप्टिक शॉक. सलाइन पुरेसं देऊनही मीन बीपी, म्हणजे सरासरी प्रेशर, ६५ वर टिकवायला औषध लागतं आणि लॅक्टेट २ च्या वरच राहतं, तेव्हा आम्ही तो शब्द वापरतो.

आता सिम्पथेटिक. मराठी पुस्तकात याला अनुकंपी म्हणतात, म्हणजे अनुकंपा दाखवणारी. काम बघाल तर अनुकंपेचा पत्ता नाही. जुन्या काळच्या वैद्यांना वाटायचं की या नसांमुळे एका अवयवाला दुसऱ्याची सहानुभूती कळते, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला विचाराल तर ही सिस्टीम म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेचं पाणी खातं. उंच टाकी, मोठा पंप, गावभर पाइप, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वॉलमन. टाकीत पाणी कमी पडलं की ऑफिसातून चिठ्ठ्या निघतात, बागेची लाइन बंद कर, मागच्या आळीची बंद कर, दवाखान्याची चालू ठेव, पंप जोरात सोड. शरीरात ऑफिस म्हणजे मेंदूच्या बुडाशी असलेला छोटासा भाग, तिथून निरोप पाठीच्या कण्यातून खाली येतो, कण्याच्या बाजूच्या गाठींमध्ये दुसऱ्या नसेकडे सोपवला जातो आणि ती नस थेट रक्तवाहिनीपाशी किंवा हृदयापाशी जाऊन चिठ्ठी टाकते. ती चिठ्ठी म्हणजे नॉरॲड्रेनलिन. कातडीच्या, आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मेंदू आणि हृदयाचं पाणी चालू राहतं, पंप पळतो. शिवाय किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथीतून ॲड्रेनलिन थेट रक्तात सुटतं, ते म्हणजे गावभर भोंगा फिरवण्यासारखं. आणि ऑफिसला पाणी कमी पडलंय हे कळतं कसं, तर मानेतल्या मोठ्या धमनीत आणि छातीतल्या महाधमनीत प्रेशर बघणारे सेन्सर बसलेत, ते सारखे रिपोर्ट करत असतात.

रक्तस्राव झाला तर ही व्यवस्था झकास चालते. सेप्सिसमध्ये काय होतं की वॉलचे आटेच झिजतात. नायट्रिक ऑक्साइडचा पूर येतो, रक्तवाहिन्यांची भिंत सैल पडते, नॉरॲड्रेनलिन ज्या रिसेप्टरवर बसतं ते रिसेप्टर दमतात, कमी होतात. वॉलमन चावी फिरवतो, वॉल गोल गोल फिरतो, पाणी काही थांबत नाही. ऑफिसला खालून एकच रिपोर्ट, प्रेशर नाही, मग ते आणखी चिठ्ठ्या काढतं. म्हणजे हुकूम भरपूर आणि परिणाम शून्य. इथेच मोजण्याची सगळी गंमत आणि सगळी पंचाईत आहे, कारण तुम्ही हुकूम मोजताय, चिठ्ठी मोजताय की नळाला आलेलं पाणी मोजताय, यावर उत्तर पार उलटंसुलटं येतं.

हुकूम मोजायचा सर्वात प्रामाणिक मार्ग म्हणजे ऑफिसची टेलिफोन लाइन टॅप करणं. हे खरंच करता येतं. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालामध्ये हागबार्थ आणि वाल्बो या दोघांनी ही पद्धत बसवली आणि सुरुवातीला सुया स्वतःच्याच नसांत टोचून घेतल्या. तिला मायक्रोन्यूरोग्राफी म्हणतात. तुमच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाची गाठ लागते बघा, तिच्याजवळून एक नस कातडीच्या अगदी लगेच खालून जाते. त्या नसेत टंगस्टनची बारीक सुई घालायची, जिचं टोक काही मायक्रॉनचं, आणि ती तसूतसूने सरकवत राहायची, एका वेळी केसाच्याही अंशाने, जोवर स्नायूच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे सिम्पथेटिक धागे सापडत नाहीत. सापडले की स्पीकरवर आवाज येतो, फुस्स, फुस्स, ठोक्यांच्या लयीत येणारे झोत. माणसाने श्वास रोखून धरला की झोत वाढत जातात. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो काटासुद्धा सिम्पथेटिकचाच बरं का.

पण हे सगळं प्रयोगशाळेत, पाय न हलवता पडून राहणाऱ्या धडधाकट माणसावर. नस सापडायलाच कधीकधी तास जातो, आणि सुई एक मिलिमीटरचा अंश हलली की सिग्नल गेला. आयसीयूत दर दोन तासांनी सिस्टर पेशंटला कुशीवर वळवणार, एक्सरेवाला येणार, हवेची गादी फुगणार उतरणार, पायाला सूज. शिवाय प्लेटलेट घसरलेल्या, रक्त गोठायचं गणित बिघडलेल्या माणसाच्या नसेत अभ्यासासाठी सुई घालायला कोण परवानगी देईल, आणि सही कोण करणार, पेशंट तर झोपेत.

म्हणून मग लोकांनी वेगळी वाट काढली. निरोगी स्वयंसेवकांना बॅक्टेरियाच्या कवचातलं एन्डोटॉक्सिन अगदी थोडं टोचायचं, काही तास ताप थंडी येते, मग उतरते, आणि तेवढ्या वेळात मोजून घ्यायचं. जर्मनीत ल्युबेकला सायक आणि त्यांच्या टीमने असं करून २००८ साली छापलं. सगळ्यांची अपेक्षा काय असेल, ताप आला, पल्स वाढली, म्हणजे नसेतले झोतही वाढले असणार. उलटं झालं. पल्स वर गेली आणि स्नायूंकडे जाणारे सिम्पथेटिक झोत दबले. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. म्हणजे मॉनिटरवरची पल्स बघून 'सिम्पथेटिक भडकलंय' असं जे आपण सरसकट म्हणतो, ते पायाकडे जाणाऱ्या नसेच्या बाबतीत चक्क चुकीचं असू शकतं. पंपाला एक निरोप, गल्लीच्या वॉलमनला दुसराच. अर्थात चार तासांचा ताप म्हणजे चार दिवसांचा सेप्टिक शॉक नव्हे, हेही तितकंच खरं.

मेलबर्नच्या फ्लोरी इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी मेंढ्यांवर याच्या पुढचं काम केलं. मेंढी जागी, उभी, खातपीत असताना तिच्या हृदयाकडे आणि किडनीकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांवर आधीच इलेक्ट्रोड बसवलेले, आणि मग शिरेतून ई कोलाय हे बॅक्टेरिया सोडून सेप्सिस तयार केला. तिथेही दोन नसांची चाल सारखी निघाली नाही. त्यामुळे 'सिम्पथेटिक किती आहे' हा प्रश्नच जरा बावळट आहे, कुठल्या लाइनवर, कितव्या तासाला, असं विचारायला पाहिजे.

दुसरा मार्ग, चिठ्ठ्या मोजा. रक्त काढा, नॉरॲड्रेनलिन बघा. ऐकायला सोपं. पण नसेच्या टोकाशी सुटलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक ती नसच परत उचलून घेते, थोड्याशाच उडून रक्तात येतात. त्या रक्तातही टिकत नाहीत, दोनेक मिनिटांत निम्म्या साफ. हाताच्या शिरेतून रक्त घेतलं तर बरंचसं हाताचंच कळतं, किडनीच्या गल्लीत काय चाललंय ते नाही. नळी बर्फात ठेवा, पटकन फिरवा, पेशंट शांत पडलेला हवा, सुई टोचल्याची भीतीसुद्धा आकडा वाढवते. आणि रक्तात चिठ्ठ्या जास्त दिसल्या तर त्या जास्त सुटल्या म्हणून की लिव्हर किडनी बसल्यामुळे कचरा उचलला गेला नाही म्हणून, हे एका नमुन्यावरून कसं सांगणार? यावर उपाय मेलबर्नच्याच मरे एस्लर यांनी १९७९ च्या सुमाराला काढला, फार हुशार उपाय आहे. किरणोत्सर्गी खूण केलेलं नॉरॲड्रेनलिन अगदी थोडं ठरावीक वेगाने सोडत राहायचं, खुणेच्या चिठ्ठ्या किती वेगाने नाहीशा होतात त्यावरून सफाईचा वेग कळतो, मग उरलेल्या बिनखुणेच्या चिठ्ठ्या किती वेगाने येत असतील त्याचा हिशोब लागतो. याला स्पिलओव्हर म्हणतात. निवांत पडलेल्या निरोगी माणसाचा अख्ख्या शरीराचा स्पिलओव्हर मिनिटाला साधारण अर्धा मायक्रोग्राम निघतो.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता सेप्सिसमधला खरा घोळ येतो. सेप्टिक शॉकमध्ये बीपी वर आणायला पहिलं औषध कुठलं, तर नॉरॲड्रेनलिनच. आयसीयूत सगळे नॉरॲड म्हणतात. मावशींच्या मिस्टरांना ०.३ मायक्रोग्राम प्रति किलो प्रति मिनिट चालू होतं, वजन ६० किलो धरा, म्हणजे मिनिटाला १८ मायक्रोग्राम. निरोगी माणसाच्या रक्तात आपोआप जेवढं सांडतं त्याच्या तीसपटीहून जास्त, आणि तेही हुबेहूब तोच रेणू, त्याच कागदावर त्याच शाईत छापलेल्या चिठ्ठ्या ट्रकने आणून गावात ओतल्यासारखं. आता रस्त्यावरच्या चिठ्ठ्या मोजून ऑफिसने किती काढल्या ते सांगा पाहू. म्हणून सपोर्टवर असलेल्या पेशंटचं नॉरॲड्रेनलिन लेव्हल पाठवणं म्हणजे आपण औषधाच्या पंपात किती भरलंय ते लॅबकडून पैसे देऊन विचारणं. ॲड्रेनलिनचा आकडा तेवढा थोडाफार उपयोगी, ते बाहेरून चालू नसेल तर.

तिसरा मार्ग सगळ्यांना आवडतो कारण त्याला काहीच टोचावं लागत नाही, ईसीजी तर चालूच असतो. हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. आत्ता मनगटावर बोट ठेवा आणि दीर्घ श्वास घ्या, आत घेताना पल्स जरा पळेल, सोडताना मंदावेल, तरुण असाल तर नक्की जाणवेल. पल्स ६० असली तरी दोन ठोक्यांमधलं अंतर घड्याळासारखं १००० मिलिसेकंद नसतं, ९६०, १०३०, १०१०, ९८० असं झुलत असतं. सेप्सिसमध्ये हा झोका मरतो. १२८ पल्सच्या माणसाचे ठोके ४६९, ४६८, ४७०, ४६९ असे निघतात, शिलाई मशीनसारखे. गणिताने या झोक्याचे जलद आणि संथ भाग वेगळे काढता येतात, जलद भाग श्वासाबरोबरचा, तो व्हेगस नसेचा, म्हणजे हृदयाला मंदावणाऱ्या नसेचा, यावर फारसा वाद नाही. संथ भाग म्हणजे सिम्पथेटिक आणि दोघांचं गुणोत्तर म्हणजे सिम्पथेटिकचा तोल, असं मात्र बरीच वर्षं धडाधड छापलं गेलं आणि आता ते फारसं टिकत नाही, कारण संथ भागात व्हेगसही असतो आणि सेन्सरचं काम पण. स्मार्टवॉचवर जो 'स्ट्रेस' आकडा येतो तो याच झोक्यावरून काढलेला असतो, त्यावर बॉसला शिव्या घालायच्या आधी विचार करा.

तरी एक फ्रेंच अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९९९ साली आनान आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या सुरुवातीला बघितलं तर रक्तात चिठ्ठ्यांचा खच, आणि हृदयाच्या झोक्यातला संथ भाग मात्र पार बसलेला. संथ भाग जर खरंच सिम्पथेटिक ताकद दाखवत असता तर तो वाढायला हवा होता. त्यांनी अर्थ लावला की मेंदूतलं नियंत्रणच बिघडलंय. पुढे २००३ मध्ये फ्रान्समधूनच आलेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात सेप्टिक शॉकने गेलेल्यांच्या मेंदूत याच ऑटोनॉमिक, म्हणजे हृदय-रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या, केंद्रांमधल्या पेशी मेलेल्या सापडल्या. म्हणजे वॉलचे आटे तर गेलेच, ऑफिसलाही आग लागलेली.

बेडपाशी या झोक्याला गाठणारे अडथळेही कमी नाहीत. व्हेंटिलेटर छाती मशीनच्या लयीत फुगवतो, झोपेची औषधं, वेदनेवरचं फेंटॅनिल, गुंगीचं डेक्समेडेटोमिडिन तर मुद्दाम मेंदूतूनच सिम्पथेटिक खाली आणतं, आणि पेशंट एट्रियल फिब्रिलेशनमध्ये गेला, म्हणजे ठोके पार बेताल झाले, सेप्सिसमध्ये बरेच जातात, की सगळं गणित कचऱ्यात. एका ठिकाणी मात्र हे कामाला आलंय, तेही सगळ्यात लहान पेशंटमध्ये. कमी दिवसांच्या, दीड किलोच्या आतल्या बाळांमध्ये सेप्सिस दिसायच्या आधीच झोका मरतो आणि मध्येच पल्स घसरून परत येते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी यावरून एक मॉनिटर बनवला, २०११ मध्ये ३००३ बाळांच्या ट्रायलमध्ये ज्यांचा आकडा डॉक्टरांना दाखवला त्यांच्यात मृत्यू ८.१ टक्के, ज्यांचा लपवला त्यांच्यात १०.२ टक्के. तो मॉनिटर सिम्पथेटिक मोजतो असं कोणी म्हणत नाही, फक्त काहीतरी बिघडतंय एवढं आधी सांगतो.

कोणी म्हणेल, मोजून करायचंय काय? तर हे बघा. २०१३ मध्ये रोमच्या एका आयसीयूतून मोरेली यांचा पेपर आला. सेप्टिक शॉकमध्ये नॉरॲड चालू असताना ज्यांची पल्स ९५ च्या वर, अशा १५४ जणांपैकी निम्म्यांना एस्मोलॉल दिलं, म्हणजे पळणाऱ्या हृदयाला ब्रेक, पल्स ८० ते ९४ मध्ये. २८ दिवसांत मृत्यू ४९.४ टक्के, न दिलेल्यांत ८०.५ टक्के. सगळे हवेत, जरी न दिलेल्या गटात ८० टक्के लोक जाणं हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मग ब्रिटनमध्ये तशीच ट्रायल लँडिओलॉल हे त्याच जातीचं औषध घेऊन झाली, २०२३ मध्ये छापली, ती १२६ पेशंटवरच थांबवावी लागली कारण औषध दिलेल्यांत मृत्यू ३७.१ टक्के आणि न दिलेल्यांत २५.४ टक्के. एकच कल्पना, दोन तोंडं. माझं मत विचाराल तर दोन्ही ठिकाणी ब्रेक पल्स बघून लावला. पण एकाची पल्स उगाच भडकलेल्या सिम्पथेटिकमुळे १२०, तर दुसऱ्याचं हृदय दर ठोक्याला थोडंच रक्त फेकतंय म्हणून पोट भरायला १२० मारतंय. पहिल्याला ब्रेक म्हणजे आराम, दुसऱ्याला ब्रेक म्हणजे खड्डा. मॉनिटरवर दोघंही १२०. या दोघांना वेगळं करणारं मोजमाप मिळालं असतं तर त्या ट्रायलींचं काय झालं असतं, हे मला अजून छळतं.

तोवर आमच्याकडे काय आहे, तर बोट आणि गुडघा. हसू नका. कातडीच्या रक्तवाहिन्यांवर सिम्पथेटिकचा ताबा जबरदस्त, आणि ती गल्ली उघड्या डोळ्यांना दिसते. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडलं की रंग परत यायला किती वेळ लागतो तो मोजायचा, तीन सेकंदांच्या वर गेला तर वॉल बंद आहे. गुडघ्यावर जांभळट जाळी उठते, पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये तिला ० ते ५ असे मार्क दिले आणि सहा तासांनी जाळी जितकी पसरलेली तितके लोक जास्त गेले असं दाखवलं. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये ४२४ पेशंटमध्ये लॅक्टेटवर उपचार ठरवणं विरुद्ध बोटाच्या रंगावर ठरवणं अशी तुलना झाली, बोटवाल्यांत मृत्यू ३४.९ टक्के, लॅक्टेटवाल्यांत ४३.४, फरक आकडेशास्त्राच्या रेषेच्या जरा अलीकडे राहिला पण फुकटातल्या बोटाने लॅबला घाम फोडला. हेही शुद्ध सिम्पथेटिक मोजमाप नाही, कारण बाहेरून सोडलेलं नॉरॲडही तीच कातडी आवळतं आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्याही असतात. पण निदान नळाला पाणी आलं की नाही ते कळतं.

त्या रात्री मावशींच्या मिस्टरांच्या गुडघ्यावर जाळी होती, मांडीच्या दिशेने सरकलेली, बोटाचा रंग यायला पाच सेकंद. सकाळी सातच्या सुमाराला नॉरॲड ०.३ वरून ०.२ वर आलं होतं. पल्स अजून ११६, मावशींनी आत आल्याआल्या तिकडेच बघितलं आणि तोंड पाडलं. मी त्यांना म्हटलं मावशी तो आकडा राहू द्या, जरा गुडघ्याला हात लावा. त्यांनी चादर बाजूला केली, तळवा टेकवला, मग दुसरा गुडघा चाचपला, मग पाऊल. "रात्री बर्फ होता हो," म्हणाल्या, आणि चादर परत नीट खोचली.